दुबईचा खोका आणि बाबांचे कान

परवा सांगलीहून मामेभावाचा फोन आला. विश्रामबागेत नवा फ्लॅट झालाय, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लागलाय, आता राहिलंय ते होम थिएटर. "दादा, दिवाळीला येताना तेवढं घेऊन ये. हजार वॅटच्या खालचं नको. पैसे इथं देतो." मी विचारलं, हॉल केवढा आहे? फरशी कसली? ऐकणार कोण कोण? तर म्हणे, "वॅट सांगितले ना तुला? बाकीच्या चौकशा कशाला?"

मंडळी, गेली वीसेक वर्षं मी शारजात राहतो आणि दुबईत नोकरी करतो. या काळात असे फोन किती आले याचा हिशोब ठेवलेला नाही. पूर्वी मी मुकाट्यानं बर दुबईतल्या अल फहिदी स्ट्रीटला जायचो, खोका घ्यायचो आणि पोचवायचो. आता भांडतो. वाईटपणा येतो, पण भांडतो. का, ते सांगायला हा लेख. वाचून राग आला तर येऊ द्या. माझा राग मुळात माझ्यावरच आहे, ते पुढं कळेलच.

आखातातून खोका आणणं ही आपली जुनी रीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात रत्नागिरी-रायगडकडचा माणूस सुट्टीवर आला की टॅक्सीच्या टपावर सुतळीनं बांधलेला खोका, आणि खोक्यात टू-इन-वन. तेव्हा त्याला अर्थ होता. आपल्याकडे तसली वस्तू मिळत नव्हती, मिळाली तरी परवडत नव्हती. १९९१ नंतर ते दिवस हळूहळू संपले. १९९६ साली दुबईचा शॉपिंग फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा निदान घासाघीस करायची गंमत तरी होती. २०१८ पासून इथंही पाच टक्के व्हॅट आहे, आणि इथल्या दुकानांतले बहुतेक ब्रँड पुण्यामुंबईत घरपोच मिळतात. तरी खोका जातोच. कारण त्याचा आवाजाशी संबंध कधीच नव्हता. 'दुबईहून आणलंय' हे चार जणांत सांगता यावं म्हणून तो जातो.

आणि नेमकी इथंच पहिली चूक होते. खोका चार जणांना दाखवायचा असल्यामुळे त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून तो घेतला जातो. तो आकडा म्हणजे वॅट.

पूर्वी खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' असं ठसठशीत छापलेलं असायचं. पीएमपीओ हे मोजमापच नव्हे. ते कसं मोजायचं याचं एकच एक मान्य प्रमाण नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो त्यानं छापावा. आता ती तीन-चार अक्षरं कमी दिसतात, पण खोड तीच आहे. यंत्र उलटं करा आणि मागची छोटी पाटी वाचा. तिथं ते वीज किती खातं ते लिहिलेलं असतं, समजा नव्वद वॅट. नव्वद वॅट खाणारं यंत्र सतत हजार वॅट देणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुकानात विचारायचंच असेल तर 'आरएमएस' वॅट विचारा, आणि ते किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला मोजलेत तेही विचारा. विक्रेता गप्प झाला तर दुकान बदला.

पण हा खरा आकडासुद्धा तुम्हाला वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्याला दसपट वॅट लागतात. म्हणजे पन्नासाऐवजी शंभर वॅटसाठी जास्तीचे पैसे मोजणारा माणूस ३ डेसिबल विकत घेतो. तेच ३ डेसिबल त्याला ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडून मिळाले असते. (एक वॅट दिला की एक मीटरवर किती आवाज होतो, तो हा आकडा. खोक्यावर नसतो, आतल्या कागदावर असतो.) दिवाणखान्यात बसून गाणं ऐकताना बहुतेक वेळ स्पीकरला एखाद-दुसरा वॅटच जात असतो. उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव शेजाऱ्यांना ऐकवायचे असतात.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती दुकानात नाही तर घरात होते. खोली कुणी विचारातच घेत नाही.

माझा धंदा एसीच्या डक्टचा. हॉटेलात, ऑफिसात गार हवा पोचवायची आणि तिच्यासोबत येणारी घरघर वाटेतच मारायची, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे वॉलेस सॅबिन हे नाव आम्हाला पाठ. १८९५ साली हार्वर्डमध्ये या तरुण प्राध्यापकाकडे एक कटकट आली. फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, सगळं घुमायचं. सॅबिननं दुसऱ्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तिथं पसरल्या. रात्री, सगळं शांत झालं की, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर येतं ते सेकंदांत, आवाज विरण्याचा वेळ. याच सूत्राच्या आधारावर बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला, आणि जगातल्या उत्तम सभागृहांत तो आजही मोजला जातो.

आता हे मामेभावाच्या हॉलला लावू. समजा ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. घनफळ ६० घनमीटर, सहा बाजूंचं क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर. चकचकीत टाइल, गुळगुळीत भिंती, काचेचं सरकतं दार. आवाज पिणारं काहीच नाही. सरासरी शोषण पाच टक्के धरलं तर एकूण ४.७, आणि आवाज विरायला लागतात २ सेकंद. म्हणजे पडद्यावरचा माणूस पाचवा-सहावा शब्द बोलत असतो तेव्हा त्याचा पहिला शब्द अजून खोलीत फिरत असतो. याच हॉलमध्ये जाड गालिचा, कापडी सोफा, घडीदार पडदे आणि पुस्तकांचं एक कपाट आलं, शोषण २० वर गेलं, की वेळ अर्ध्या सेकंदाखाली येतो. इथं हजार वॅटचं काम काय? दोन सेकंद घुमणाऱ्या खोलीत वॅट वाढवले तर घुमणंही तेवढंच वाढतं.

आम्ही अमिरातीत राहणारे या बाबतीत फार हुशार आहोत असं समजू नका. इथल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल, समोर काच आणि डोक्यावर अहोरात्र एसी. गाण्यातल्या हळुवार जागा एसीच्या घरघरीत बुडतात, म्हणून आवाज वाढवायचा. मग खोली घुमते, म्हणून आणखी महाग ॲम्प्लिफायर आणायचा. हजारो दिरहम यंत्रावर घालतात, पण दोनशे दिरहमचा गालिचा आणत नाहीत. का, तर टाइल झाकली जाते.

आपल्याकडे बैठकीचं गाणं जाजमावर, गाद्या-लोडांत आणि माणसांच्या गर्दीत व्हायचं. मी जुन्याचे गोडवे गात नाही. पण सॅबिनच्या गाद्या आपल्या बैठकीत पहिल्यापासून होत्या आणि त्या आपणच काढून टाकल्या, एवढं खरं.

आता माझी लाज.

मी मिरजेचा. मिरजेचे तानपुरे तुम्हाला ठाऊकच आहेत. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाबा गाणारे नव्हते, शाळेत गणित शिकवायचे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात जी संगीतसभा होते, तिथं ते रात्र रात्र बसलेले. तानपुरे करणाऱ्यांच्या दुकानात संध्याकाळी जाऊन नुसतं बसायचे. तारेखालचा दोरा घोडीवर केसभर सरकवला की जवारी कशी उघडते, ते त्यांनी लहानपणी मलाही दाखवलं होतं. मला तेव्हा क्रिकेटला जायचं होतं.

२००८ साली शॉपिंग फेस्टिव्हलच्या दिवसांत मी त्यांच्यासाठी पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेला खोका घेतला. दुकानात डेमो झाला तो एका इंग्रजी सिनेमातल्या स्फोटाचा. काचा हादरल्या, मी खूश. (स्फोटावरून यंत्र निवडणं ही आणखी एक चूक. स्फोट कसा वाजायला हवा हे तुम्हाला ठाऊक नसतं. माणसाचा आवाज कसा असतो हे ठाऊक असतं. डेमोला स्वतःच्या पाठ असलेलं गाणं न्यावं.) मिरजेला पोचल्यावर परतीच्या आदल्या रात्री, पाहुणे बसलेले असताना, घाईघाईनं तारा जोडल्या. स्फोट वाजवून दाखवला. वाहवा झाली.

सगळे गेल्यावर बाबांनी भीमसेनजींचं एक जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, गाणं समोरून येत नाही. बुवा भिंतीत बसल्यासारखे वाटतात. आणि तंबोऱ्याचा खर्ज गेला कुठं?"

मी काय म्हणालो? "बाबा, हे फाइव्ह पॉइंट वन आहे. आवाज सगळीकडून यायचाच. सवय होईल तुम्हाला."

त्यांना सवय झाली नाही. पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा सबवूफरवर आईनं विणलेला रुमाल होता, रुमालावर फुलदाणी, आणि बाबा ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी सांगली ऐकत होते. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना नव्याचं वावडंच.

२०१२ साली घराला रंग काढला तेव्हा स्पीकर हलवले. उजव्या स्पीकरमागची लाल तार काळ्या जागी होती आणि काळी लाल जागी. मीच जोडलेली. असं झालं की डाव्या स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा उजव्याचा मागं जातो. खालचे स्वर एकमेकांना खातात, आणि जो गायक दोहोंच्या मधोमध दिसायला हवा तो जागेवरून नाहीसा होतो. बाबा शब्दश: हेच म्हणाले होते. त्यांनी बिघाडाचं निदान करून दिलं होतं. इंजिनियर मुलानं त्यांना सवय करून घ्यायला सांगितलं.

तार बदलायला एक मिनिट लागलं. तेच रेकॉर्डिंग लावलं, खर्ज जागेवर आला. बाबांना हाक मारून बसवलं आणि म्हणालो, "आता बघा, बुवा मधे बसले की नाही?"

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बसले असतील. मला आता उजव्या कानानं ऐकू येत नाही."

आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "हे तेव्हाच सांगत होते तुला."

बाबा आता नाहीत. तो खोका अजून मिरजेत आहे.

म्हणून मी भांडतो. आपल्या घरांतली यंत्रणा बिघडते ती पैशाअभावी नव्हे. ती आणणारा एक असतो, जोडणारा दुसरा आणि ऐकणारा तिसरा, आणि त्या तिसऱ्याला कुणी विचारत नाही. तो काही बोलला तर त्याला 'तुम्हाला यातलं कळत नाही' असं सांगितलं जातं. कान त्याचे आहेत. त्यालाच कळतं.

बाकीच्या चुका याच एका चुकीची पिल्लं आहेत. भराभर सांगतो.

तारा जोडून झाल्या की एकच माणूस बोलत असलेलं मोनो काहीतरी लावा आणि दोन स्पीकरांच्या मधोमध बसा. आवाज नेमका समोरून यायला हवा. येत नसेल तर एकाच स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करून पाहा. हा उपाय फुकट आहे. यंत्रावरची 'हॉल', 'स्टेडियम' ही बटणं बंद करा. तुमची खोली आधीच पुरेसं घुमते.

पुढचे दोन स्पीकर आणि तुम्ही असा साधारण समभुज त्रिकोण हवा, स्पीकर कानाच्या उंचीवर. पाच असतील तर मागचे दोन खरे 'मागचे' नसतात. ते बाजूला, जरा मागं, समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांत असावेत. आपल्याकडे ते छताच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगतात, खाली मुलांचा हात लागू नये म्हणून. मुलांना समजावणं सोपं आहे.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि सबवूफर डोळे मिटून कोपऱ्यात कोंबू नका. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतीशी फुगतो आणि मधोमध पार पडतो. उपाय हास्यास्पद आहे पण चालतो: सबवूफर सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथं खर्ज सारखा आणि स्वच्छ वाटेल तिथं सबवूफर ठेवा. बायको हसेल. हसू द्या.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या स्पीकरच्या तारा घेऊ नका. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा पाच मीटरवर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढं तो एक टक्कासुद्धा नाही. वाचलेले पैसे गालिच्यात घाला.

अमिरातीतून यंत्र आणलंच असेल तर त्याचा चौकोनी पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावू नका. तिसरी पिन अर्थिंगची आहे, शोभेची नाही. वॉरंटी तुमच्या गावी चालते का ते आधी विचारा, नाहीतर मिरजेतला खोका दुरुस्तीला शारजात परत न्यावा लागतो. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची असेल तर उष्णतेत आणि दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. कोकणात आणि मुंबईत रबराची कड बघून घ्या.

आणि हो, वर आवाज फेकून छतावरून उतरवणारे नवे साउंडबार. त्यांना सपाट, कडक छत लागतं. डोक्यावर कौलं असतील किंवा मधे भला मोठा पंखा असेल तर तो आवाज कुठून उतरणार?

आता तुमचे आक्षेप. "आम्हाला गाणं नको, सिनेमा बघायचाय." उत्तम. सिनेमात स्फोट पाच मिनिटं असतात आणि माणसं दोन तास बोलतात. ते बोलणं बहुतेक सगळं मधल्या एका स्पीकरमधून येतं, आणि खोक्यातला सगळ्यात हलका स्पीकर हाच. वर तो टीव्हीच्या कपाटात दाराआड ठेवतात. "आमच्याकडे वेगळी खोली नाही, बजेट नाही." नकोच वेगळी खोली. दोन बरे स्पीकर घ्या, पाच फालतू नकोत. आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, या क्रमानं खर्च करा. आपण नेमका उलटा करतो. "लोक काय म्हणतील, दुबईचा माणूस आणि रिकाम्या हातानं आला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. या एका प्रश्नापोटी मी तो खोका नेला होता.

मामेभाऊ रुसलाय. पण फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "अरे, नव्या घरात टीव्हीवरचं बोलणंच कळत नाही मला. नुसतं घुमतं. वय झालं बघ माझं."

मी म्हटलं, "मामी, वय नाही, फरशी आहे. जुन्या साड्यांच्या गोधड्या आहेत ना तुझ्याकडे? दोन भिंतीवर टांग, एक खाली अंथर, आणि मला सांग."

दिवाळीला मी मोजायची टेप घेऊन जाणार आहे. खोका नाही. पोराला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी आधी मामीला विचारणार आहे.